अकरा पायऱ्यांचे गुल्हाने सर

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी गुल्हाने सरांवर काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन संपादक मंडळातली एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली, तेव्हा मी ऑसिलोस्कोपवरची धूळ पुसत होते. "भावपूर्ण लिहा मॅडम," ती म्हणाली, "तुमीच त्यायले सगळ्यात जास्त वर्षं पाह्यलं म्हणतात." पाहिलं हे खरं. सतरा वर्षं पाहिलं. भावही माझ्याकडे भरपूर आहे, पण तो गुळगुळीत कागदावर, प्राचार्यांच्या फोटोच्या पाठच्या पानावर छापण्यासारखा नाही. म्हणून स्मरणिकेला मी सरळ नाही म्हटलं आणि संध्याकाळी घरी येऊन हे लिहायला बसले.

डॉ. गुल्हाने आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. एम.एस्सी. झालेली सहायक, हे मी मुद्दाम सांगते, कारण सर ते मुद्दाम विसरायचे. पहिल्या महिन्यात मी त्यांच्यासाठी 'इंगोले मॅडम' होते. दुसऱ्या महिन्यापासून 'इंगोले'. कोणीतरी टोकलं तेव्हा म्हणाले, "हाक मारल्यावर थे येते ना? मंग मॅडम कायले पायजे?"

'यातलं काय काढता येते?' हा त्यांचा जगाला विचारलेला एकमेव प्रश्न. उजव्या कानावर लाल पेन्सिल असायची आणि समोर जे येईल त्यावर ती चालायची. माझ्या सासूबाई घरात पडल्या तेव्हा मी रजेचा अर्ज लिहिला. आदरणीय महोदय, सविनय सादर, प्रकृती अचानक बिघडल्यामुळे वगैरे. सरांनी उभ्याउभ्या रेघा मारत मारत सगळा अर्ज खोडला. खाली दोनच शब्द ठेवले. 'उद्या नाही.' मग कागद मला परत देत म्हणाले, "हेवढं पुरते, इंगोले." सासूबाई कशा आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. तेही काढता येण्यासारखंच होतं.

विभागात पाहुणे येत तेव्हा तर मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. शाल एकच. ती पाहुण्याच्या खांद्यावर चढायची, फोटो निघायचा, आणि चहाच्या वेळी सर स्वतः मोठ्या प्रेमाने ती उतरवून घ्यायचे. "उकडत असंन सर तुमाले." नारळही एकच. तो कपाटात माझ्याच ताब्यात असे, इतका वाळला होता की हलवला की आतून खुळखुळ वाजायचा. एकदा नागपूरचे चार प्राध्यापक आले. मी गोरसपाकाचा पुडा आणून ठेवला होता. सरांनी त्यातलं एक बिस्किट काढलं, त्याचे चार तुकडे केले, चार बश्यांत ठेवले आणि पुडा बंद करून कपाटात टाकला. एका प्राध्यापकाने बशीकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा प्रसाद आहे का?" मी मान डोलावली. काय करणार?

स्कूटरचं तर विचारूच नका. कॉलेजच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चांगला उतार आहे. सर फाटकातच इंजिन बंद करायचे आणि नुसते घरंगळत जायचे, ताठ बसून, लग्नातल्या नवरदेवासारखे. पोरं हसायची. सरांना वाटायचं कौतुकाने हसतात.

हे सगळं सांगून झालं की लोक म्हणतात, अहो, कंजूष होते, एवढंच ना? नाही, एवढंच नाही. नुसत्या कंजूष माणसाबद्दल मी एवढी शाई खर्च केली नसती. हा माणूस वर्गात फळ्यासमोर उभा राहिला की वेगळा व्हायचा, आणि मला त्याचाच जास्त राग आहे.

सरांचा विषय क्वांटम संगणक. म्हणजे त्याचे प्रोग्राम. असा प्रोग्राम कागदावर काढला की वहीच्या आडव्या रेघांसारखा दिसतो आणि त्या रेघांवर डावीकडून उजवीकडे चौकोन मांडलेले असतात. एक चौकोन म्हणजे एक पायरी. ते यंत्र भारी नाजूक. प्रत्येक पायरीला ते थोडंथोडं चुकतं, आणि त्याची आठवण पापणी लवायच्या आत विरून जाते. पायऱ्या जास्त झाल्या की उत्तराऐवजी नुसता गोंधळ हाती येतो. म्हणून या विषयातली जगभरची माणसं उत्तराला धक्का न लावता पायऱ्या कमी कशा करता येतील, यासाठी डोकं खाजवत असतात. सरांना हा विषय सापडला, की या विषयाला सर सापडले, देव जाणे.

फळ्यावर लांबलचक प्रोग्राम काढून ते पोरांकडे वळायचे. "हा चौकोन पाह्य. वर्ध्याहून पुलगावले गेला. आन हा बाजूचा? पुलगावहून वर्ध्याले वापस आला. मंग गेलता काऊन? दोन्ही खोड." पोरं खोडायची. मग ते दोन चौकोन लांबलांब असलेला नमुना काढायचे. "आता हा गेला अथी, वापस आला थो तथी. मधात देवळीवाले बसून हायेत. त्यायले इचार, बाप्पा, मी तुमच्या मधातून सरकलो तर तुमाले फरक पडते काय? नाई पडत? मंग सरक." आणि बोटाने खडूचा चौकोन पुसत, पुन्हा काढत, पुसत, पुन्हा काढत ते त्याला फळ्याच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचे आणि जोडीदाराशेजारी बसवून दोघांनाही उडवून लावायचे. पोरं बाकं वाजवायची. मी हातात डस्टर घेऊन दारात उभी असायची. त्या पाऊण तासात मला तो माणूस आवडायचा. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? क्वांटमचं मला जे काही कळतं ते त्या दारात उभं राहून कळलेलं आहे.

प्रज्ञा थूल त्याच वर्गातून वर आली आणि पीएच.डी.साठी सरांकडेच राहिली. मूळ आष्टीची. वडील आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. माझ्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. टेबलावर चिनी मातीचा छोटा बुद्ध आणि पेन्सिलींचा डबा. सकाळच्या बसने यायची आणि डबा खायचं भान राहत नसे. मीच तिला उठवायची, "पोरी, आधी चार घास खाऊन घेजो, चौकोन कुठी पळून नाई जात."

तिचं काम असं होतं. एकवीस या आकड्याचे अवयव क्वांटम यंत्राकडून शोधून घ्यायचे. एकवीस म्हणजे तीन गुणिले सात, हे चौथीतलं लेकरूही सांगेल. पण यंत्राला ते माहीत नसतं, आणि माहीत नसताना त्याने शोधून काढावं यातच त्या कामाचा अर्थ आहे. छोट्या आकड्यावर प्रामाणिकपणे जमलं तर उद्या मोठ्यावर जमेल. प्रज्ञाने सुरुवात केली तेव्हा चारशेच्या वर पायऱ्या होत्या. चार वर्षं ती एकेक चौकोन सरकवत होती. दोनशे साठ झाल्या, दोनशे वीस झाल्या, शेवटी एकशे चौऱ्याऐंशीला येऊन अडल्या. त्याखाली काही केल्या जाईनात.

"सरांना दाखव," मी तिला म्हणायची. ती जायची. सर मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारायचे, "किती झाल्या?" ती आकडा सांगायची. "अजून कमी कर." संपलं मार्गदर्शन. चार वर्षांत त्यांनी तिचा कागद उघडून पाहिलेला मला आठवत नाही. तेव्हा त्यांना कॉलेजात क्वांटम केंद्र उघडायचं होतं. केंद्र म्हणजे काय, तर एक खोली, एक एसी आणि एक पाटी. यंत्र परदेशात, आपण इथून इंटरनेटवरून प्रोग्राम पाठवायचा आणि आपला नंबर लागला की उत्तराच्या दांड्यांचा आलेख पडद्यावर यायचा. उद्घाटनाला पुढारी येणार, पेपरवाले येणार, आणि त्यांच्यासमोर यंत्र एकवीसचे अवयव काढून दाखवणार, असं सरांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

प्रज्ञाचा आलेख आला तेव्हा पडद्यावर गवत उगवल्यासारख्या सगळ्या दांड्या जवळजवळ सारख्या दिसत होत्या. बरोबर उत्तराच्या दांड्या बाकीच्यांपेक्षा किंचित वर. तिला त्या किंचितचा केवढा आनंद झाला होता! ती माझा हात धरून पडद्यापाशी घेऊन गेली. सरांनी पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे दाखवू काय पाहुण्यायले?"

त्यानंतरचा रविवार सरांनी घरी काढला आणि सोमवारी एक कागद घेऊन आले. कागदावर चौकोन होते अकरा. एकशे चौऱ्याऐंशीवरून अकरा! "पाह्यलं? याले म्हंतात काढनं," सर म्हणाले आणि हात मागे बांधून निघून गेले. प्रज्ञा तो कागद घेऊन बसली. दहा मिनिटांनी तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "ताई, सरांनी उत्तर आधीच धरून घेतलं."

मला तिने जे समजावलं ते असं. उत्तर तीन आणि सात येणार हे आपल्याला माहीत आहेच, तर ते तसं येण्यासाठी ज्या पायऱ्यांची गरज नाही त्या सगळ्या काढून टाकल्या. शोधायच्या पायऱ्याच काढल्या. उरलं फक्त उत्तर छापणं. परीक्षेत पोरं शेवटच्या पानावरचं उत्तर बघून वर गणित मांडतात, तसलं हे काम. त्या कागदावर एकवीस हा आकडासुद्धा कुठे शिल्लक नव्हता. पायऱ्या कमी केल्याचं म्हणायचं, आणि काम करणंच काढून टाकायचं! आणि हे ज्याला कळत नाही त्याने केलं असतं तर गोष्ट वेगळी. सरांना ते कळत होतं. पुलगाव-वर्धा शिकवणाऱ्या माणसाला ते कळणार नाही?

उद्घाटनाला मांडव पडला. शाल चढली, नारळ खुळखुळला. प्रज्ञाचे वडील डेपोतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. सरांनी अकरा पायऱ्यांचा प्रोग्राम पाठवला. पडद्यावर दोन उंच दांड्या आल्या आणि बाकी सगळं भुईसपाट. टाळ्यांचा नुसता कडकडाट. पुढाऱ्यांनी सरांना मिठी मारली. आणि तेवढ्यात मागून प्रज्ञाच्या वडिलांनी हात वर केला.

"सायेब, एक इचारू काय? यात दुसरा आकडा टाकून दाखवता काय? पस्तीस टाका ना."

सर हसले. "काका, हे काही एसटीचं इंजिन नोहे." पुढच्या रांगा खो खो हसल्या.

"थेच म्हनतो सायेब," थूलकाका बसता बसता म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. "एकाच गाडीले बसते असा पाना आमी डेपोत ठेवत नाई."

सरांनी प्रज्ञाकडे बोट केलं. "प्रज्ञा, सांग बरं वडलायले समजावून." त्यांना वाटलं, पोरगी चार इंग्रजी शब्द फेकेल आणि बापाला गप्प करेल. चार वर्षांचं काम, प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची, मुदत संपायला थोडेच महिने राहिलेले. कोणीही फेकले असते. मी असते तर फेकले असते. प्रज्ञा उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, त्यात होत नाही." आणि खाली बसली. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते चहाकडे वळले. सरांना कळलं. मी त्यांच्या कानावरची पेन्सिल पाहत होते, ती त्यांनी काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन दांड्या आणि सर यांचा फोटो आला. चार दिवसांनी सरांनी प्रज्ञाला खोलीत बोलावलं. त्यांचा स्टॅबिलायझर बिघडला होता म्हणून मी तिथेच टेबलाखाली बसून वायर जोडत होते. माझ्या असण्याची दखल घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"तुया थिसिसच्या चौथ्या प्रकरनात अकरा पायऱ्या टाकजो," सर म्हणाले.

"सर, त्या माझ्या नाहीत."

"तुया नावानंच देऊन राह्यलो ना! लोकं पोट्ट्यायचं काम स्वतःच्या नावावर घेतात. मी माहं तुले देऊन राह्यलो."

"सर, त्यात शोधणंच नाही. परीक्षकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"कोनी इचारत नाई. तुया बापाशिवाय कोनी इचारलं?"

मी टेबलाखालून प्रज्ञाच्या चपला पाहत होते. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मंग माही सही राहू दे," सर शांतपणे म्हणाले आणि तिची फाइल बोटाने टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली. ओरडले नाहीत की टेबल आपटलं नाही. प्रबंधात एकदा त्या अकरा पायऱ्या मंजूर झाल्या की त्यांच्यावर शिक्का बसणार होता, एवढाच त्यांचा हिशेब. त्यात या पोरीची चार वर्षं जात असतील तर जावोत. मुदत उलटली की नोंदणी रद्द, आणि मग एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या घेऊन तिने आष्टीला जाऊन शिकवण्या घ्याव्यात. इतक्या थंडपणे कोणाचं वाटोळं करायला निघालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्या टेबलाखाली किळस आली.

प्रज्ञाने मार्गदर्शक बदलून मिळावा असा अर्ज विद्यापीठाकडे केला. त्यावर जुन्या मार्गदर्शकाचं मत लागतं. 'हरकत नाही' असे दोन शब्द लिहिले असते तर विषय मिटला असता. किंवा 'हरकत आहे' असे दोन. ज्या माणसाने माझ्या सासूबाईंचं दुखणं दोन शब्दांत बसवलं, त्याला हे काय अवघड होतं? पण नाही. गुल्हाने सरांनी आयुष्यात पहिल्यांदा दीड पान लिहिलं.

ते दीड पान जावक नोंदवहीत चढवायला माझ्याकडे आलं, म्हणून मी ते वाचलं. आधी आपल्या तीस वर्षांच्या सेवेचं गुणगान. मग सदर विद्यार्थिनी उद्धट आहे, गुरूचा भर सभेत अपमान करते, घरचं वातावरण संशोधनाला पोषक नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. घरचं वातावरण! पस्तीसचा प्रश्न विचारणारं एकच घर होतं त्या मांडवात. आणि मग कळस. सदर विद्यार्थिनीस चार वर्षांत एकशे चौऱ्याऐंशीच्या खाली जाता आले नाही, तेच काम प्रस्तुत मार्गदर्शकाने एका रविवारी अकरा पायऱ्यांत केले, तुलनेसाठी सोबत जोडले आहे. आणि खरोखरच तो कागद जोडला होता! कोणीही मागितला नव्हता. यातलं काय काढता येतं, हे स्वतःच्याच पत्राला विचारायचं सर विसरले. मी कागदाला टाचणी नीट लावली, जावक क्रमांक टाकला आणि पाकीट बंद केलं. एवढ्या काळजीने मी कधीच पाकीट बंद केलं नसेल.

त्या अर्जावर विद्यापीठाच्या समितीची बैठक आमच्याच कॉलेजात झाली. प्रोजेक्टर लावायला आणि चहा द्यायला मी होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ म्हणजे एक वयस्क बाई होत्या, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा, चष्म्याला दोरी. त्यांनी दीड पान चाळलं आणि बाजूला ठेवलं. जोडलेला कागद मात्र हातात धरून बराच वेळ पाहिला.

"डॉक्टरसाहेब," त्यांनी विचारलं, "यात मला पस्तीस टाकायचे असतील तर कुठे टाकू?"

मी कपात चहा ओतत होते. थांबले.

"मॅडम, हे एकवीससाठी तयार केलं आहे," सर म्हणाले. समितीपुढे ते शुद्ध बोलायचे.

"म्हणजे ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यासाठी."

"तसं नाही मॅडम. विशिष्ट परिस्थितीत..."

"पोरीचे एकशे चौऱ्याऐंशी तुम्ही पाहिलेत का?"

सर समोरचे कागद सारखे करू लागले. बाईंनी तो कागद टेबलावर उपडा ठेवला आणि प्रज्ञाला आत बोलवा म्हणून मला सांगितलं. पुढच्या पाऊण तासात त्या दोघी एकशे चौऱ्याऐंशी चौकोनांवर बोलत होत्या आणि खोलीत सर आहेत याची दोघींनाही आठवण नव्हती. मार्गदर्शक बदलून मिळाला. मुदत संपायच्या आठ दिवस आधी प्रबंध गेला. थूलकाकांनी डेपोत पेढे वाटले आणि माझ्यासाठी एक डबा प्रज्ञाबरोबर पाठवला. आता ती बंगळूरला एका संस्थेत आहे. जाताना तिने आपल्या एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांचा मोठा छापील पट्टा मला दिला, खिडकीपासून दारापर्यंत पुरेल एवढा. मी तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला.

सरांचं काय झालं, असं कोणी विचारेल. काही झालं नाही. आपल्याकडे कोणाचं काय होतं? केंद्राची पाटी अजून तशीच आहे, आत मोडक्या खुर्च्या ठेवतात. सर यथावकाश निवृत्त झाले. निरोप समारंभात तीच शाल त्यांच्या खांद्यावर चढली, आणि ती परत कशी घ्यायची हे कोणाला सुचेना, म्हणून ती घरी घेऊन गेलेले पहिले आणि शेवटचे मानकरी तेच ठरले. भाषणात म्हणाले, "जे काढता येईल ते काढत गेलो." लोकांना ते फार आवडलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातात नारळ होता.

शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी. विभागाचं कुठलंही साहित्य त्यांच्याकडे बाकी नाही, अशा कागदावर माझी सही हवी होती म्हणून ते दुपारी प्रयोगशाळेत आले. मी नोंदवही काढून पानं उलटत बसले. मुद्दाम हळूहळू उलटत होते. त्यांना ताटकळत ठेवायची अशी संधी सतरा वर्षांत आली नव्हती. थोड्या वेळाने लक्षात आलं की सर ताटकळत नाहीत. ते भिंतीसमोर उभे होते.

आधी ते दारापासून खिडकीपर्यंत गेले. मग परत आले. खिडकीजवळच्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि बोट तसंच सरकवत, अडत, विचार करत, पुन्हा सरकवत दारापर्यंत आणलं. ओठ हलत होते. मी आहे हे ते पार विसरले होते, पण ही दखल न घेणं वेगळं होतं. वर्गात फळ्यासमोर जो उभा राहायचा, तो माणूस मला बऱ्याच वर्षांनी दिसला. त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली, खिडकीजवळचा चौकोन खोडला, दाराजवळचा खोडला. मग खालच्या रेघेवरची अशीच एक जोडी खोडली. पट्ट्याच्या समासात काहीतरी लिहिलं. वळले तेव्हा मी दिसले. पेन्सिल घाईघाईने कानावर गेली.

"झाली काय सही, इंगोले?"

मी सही केली. ते गेले. खिडकीतून पाहिलं तर फाटकापाशी इंजिन बंद करून सर उतारावरून घरंगळत चालले होते, ताठ बसून. आता ते पुण्याला मुलाकडे असतात.

मी पट्ट्याजवळ गेले. समासात एकच शब्द होता. पुलगाव. मी फोटो काढून प्रज्ञाला पाठवला. खरं सांगते, चुकलेलं असावं म्हणून पाठवला. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. "ताई, बरोबर आहे. एकशे ऐंशी झाल्या! मी चार वर्षं बघत होते, मला दिसलंच नाही. सरांना थँक्यू सांगा."

मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्यांना भिंतीसमोर वीस मिनिटं लागली असतील. ती पोरगी एकशे चौऱ्याऐंशीवर अडून डबा खायचं विसरत होती, तेव्हा हा माणूस शेजारच्याच खोलीत कानावर पेन्सिल लावून बसलेला होता.